पणजोबांची वही आणि तुरटी

दिवाळीत गावी गेलो होतो. घराच्या छपराचं काम काढायचं होतं, त्यासाठी माळा रिकामा करणं आलं. घरातला एकुलता एक 'कॉम्प्युटरवाला', म्हणजे दिवसभर खुर्चीत बसून पगार घेणारा प्राणी, शिडीवर चढवायचा असा ठराव एकमताने मंजूर झाला. दोन फुटके हंडे, एक पाळणा, बिनकाचेचा कंदील आणि अगदी कोपऱ्यात एक पत्र्याची ट्रंक. ट्रंकेत बरंच काय काय होतं, पण आजचं हे सगळं पुराण त्यातल्या दोन वस्तूंमुळे आहे.

पहिली वस्तू म्हणजे एक मोडी कागद. जमिनीचं खरेदीखत. बाबांच्या ओळखीचे एक गृहस्थ मोडी वाचतात, त्यांनी सांगितलं की शके १७३०, म्हणजे १८०८ सालचं आहे. पेशवाई अजून शिल्लक होती. तो कागद मी घाबरत घाबरत उलगडला, तर एखादं जुनं धोतर उलगडावं तसा अलगद उलगडला. कुठे तडा नाही, शाई काळीभोर. कडेला वाळवीने थोडा प्रसाद घेतला होता, तेवढंच.

दुसरी वस्तू म्हणजे पणजोबांची वही. पणजोबा लोकल बोर्डाच्या शाळेत मास्तर होते. वही १९४३ सालची. पहिलं पान उलटलं आणि त्याचा कोपरा माझ्या बोटांत राहिला. दुसरं उलटलं, त्याचे तीन तुकडे झाले. भाजलेला पापड चिमटीत धरल्यावर जो आवाज येतो ना, अगदी तसा आवाज.

आजी खालून ओरडली, "मामंजींची वही आहे ती, जपून रे!"

पण तोवर मी जपण्याच्या पलीकडे गेलो होतो. सुटलेल्या पानांपैकी एकावर पणजोबांच्या बारीक अक्षरात लिहिलं होतं की आज बारसे झाले, मुलीचे नाव... आणि पुढे कोपरा नाही. उरलेल्या कडेवर फक्त दोन अक्षरं होती, 'मल'.

आजीला विचारलं. ती म्हणाली की ह्यांना पाठची एक बहीण होती, वर्षाच्या आतच गेली. आजी लग्न होऊन घरात आली त्याच्या कितीतरी आधी. "कमल असेल किंवा विमल. मामंजी कधी बोलायचे नाहीत तिच्याबद्दल." आजोबा असते तर त्यांना विचारलं असतं. म्हणजे त्या मुलीचं नाव जगात फक्त एका ठिकाणी लिहिलेलं होतं आणि तिथे मी अंगठा ठेवला होता.

आता पुढचा गाढवपणाही सांगून टाकतो. उरलेली पानं वाचवायची म्हणून मी त्यातली चार सुटी पानं तालुक्याच्या झेरॉक्सच्या दुकानात नेऊन लॅमिनेट करून आणली. गरम रुळातून जाताना एक पान आतल्या आत तडकलं. पुण्याला परतल्यावर एका मैत्रिणीला मोठ्या अभिमानाने दाखवली. ती जुने कागद दुरुस्त करायचं काम करते. तिने कपाळावर हात मारला. "त्याला मारणारं विष त्याच्या अंगातच आहे, आणि तू त्याला त्या विषासकट पिशवीत सीलबंद केलंस."

कसलं विष? तर तिने डिस्टिल्ड वॉटरचा एक थेंब वहीच्या कडेला ठेवला, त्यावर पीएच मोजायची पट्टी टेकवली आणि थोडा वेळ थांबली. साधारण ४ आलं. मग हीच परीक्षा मोडी कागदाच्या एका कोपऱ्यावर केली. सातच्या किंचित वर. शाळेतलं रसायनशास्त्र आठवून बघा. सात म्हणजे उदासीन, त्याखाली आम्ल, आणि प्रत्येक अंकाला दसपट. म्हणजे वही खरेदीखतापेक्षा निदान हजारपट आम्लधर्मी.

आमच्या धंद्यात नवी आवृत्ती जुनीपेक्षा बरी असते असं मानायची पद्धत आहे (निदान रिलीज नोट्समध्ये तरी). इथे १८०८ ची आवृत्ती ठणठणीत आणि १९४३ ची कोसळलेली. मधल्या १३५ वर्षांत कोणी काय बदललं? तीन वीकांत ह्याच नादात गेले. जे हाती लागलं ते असं.

आधी कागद म्हणजे काय ते बघू. मी चक्क घरी करून पाहिला. जुनी वर्तमानपत्रं रात्रभर भिजवली, मिक्सरमध्ये फिरवली (आई देवळात गेलेली असताना), तो लगदा परातभर पाण्यात सोडला आणि जुन्या चाळणीच्या जाळीवर उचलून घेतला. पाणी निथळलं, वर एक जाड थर राहिला, तो फडक्यावर पालथा घालून वाळवला. झाला कागद! दिसायला थालीपिठासारखा, पण कागद. गंमत म्हणजे ह्यात गोंद कुठेच नाही. वनस्पतीचे तंतू सेल्युलोजचे असतात. पाणी उडून जाताना ते एकमेकांच्या इतके जवळ येतात की त्यांच्यात हायड्रोजन बंध तयार होतात. चीनमध्ये दोन हजार वर्षांपूर्वी हेच व्हायचं आणि आजच्या अजस्र यंत्रातही हेच होतं. कच्चा माल आणि वेग तेवढा बदलला.

आपल्याकडे जुन्नर आणि दौलताबादजवळचं कागजीपुरा ही हातकागदाची नावाजलेली गावं. तिथले कागदी जुनी गोणपाटं, दोरखंड, चिंध्या असलं साहित्य चुन्याच्या पाण्यात भिजवून कुटायचे, धुवायचे, पुन्हा कुटायचे. तयार कागदाला पिठाची खळ लावायची, नाहीतर टीपकागदासारखी शाई पसरते. मग गुळगुळीत दगडाने घोटायचा. एका कागदामागे अनेक माणसांचे हात. महाग असणारच. पण त्या चुन्याचा अंश कागदात राहायचा, आणि चुना आम्लाला मारतो. कागद्यांना पीएच ठाऊक असायचं काही कारण नाही. त्यांना चांगला कागद ठाऊक होता. आमचं खरेदीखत ह्याच जातीचं असावं.

युरोपातही गोष्ट फार वेगळी नव्हती. तिथे तागाच्या आणि सुती चिंध्या असायच्या. एकेक कागद चौकटीवर हाताने उचलायचा, आणि खळ म्हणून जनावरांच्या कातड्यांपासून केलेल्या सरसाच्या गरम पाण्यात बुडवायचा. ह्या बुडवण्यात बरेच कागद फुकट जायचे.

मग घडला पहिला बदल. लुई-निकोला रॉबेर हा फ्रान्समध्ये एसोनच्या कागद कारखान्यात कामगारांवर देखरेख करायचा. कारागिरांच्या रोजच्या कटकटींना तो विटला होता. त्याने फिरत्या जाळीवर सलग कागद काढणारं यंत्र बनवलं आणि १७९९ मध्ये पेटंट घेतलं. (माणसांशी बोलायचा कंटाळा आला म्हणून यंत्र करणारा इंजिनिअर. कुणाला ओळखीचं वाटतंय का? :)) ते यंत्र इंग्लंडला गेलं, ब्रायन डॉन्किनने त्याला कामाचं रूप दिलं, आणि पैसा ओतला लंडनच्या फूर्दिनिए बंधूंनी. त्यांचं १८१० मध्ये दिवाळं निघालं. अशा यंत्राला आजही त्यांचंच नाव आहे. बुडाले, पण अमर झाले.

दुसरा बदल मात्र आमच्या वहीच्या मुळावर आलेला. यंत्रातून मैलोन्‌मैल कागद निघायला लागल्यावर एकेक ताव सरसात कोण बुडवत बसणार? १८०७ साली जर्मनीतल्या मोरिट्झ फ्रीडरिश इलिग ह्याने उपाय जाहीर केला: खळ कागदाला नंतर लावायचीच नाही, सरळ लगद्याच्या हौदातच घालायची. खळ म्हणून राळ, आणि ती राळ तंतूंना चिकटावी म्हणून तुरटी. पुढे नेहमीच्या तुरटीच्या जागी तिची स्वस्त चुलतबहीण, ॲल्युमिनियम सल्फेट, आली. तुरटी सरसाबरोबर आधीही थोडी वापरत, पण आता ती प्रत्येक तंतूपर्यंत पोचली.

बाबा दाढीनंतर तुरटी फिरवतात, आजी गढूळ पाण्यात फिरवते. इतकी सोज्वळ वस्तू. पण हे सल्फेट ओलसर हवेत हळूहळू आम्ल सोडतं. सेल्युलोज म्हणजे ग्लुकोजच्या हजारो मण्यांची माळ. आम्ल आणि ओलावा एकत्र आले की ती माळ मध्येच कुठेतरी तुटते. मग पुन्हा दुसरीकडे तुटते. पहिली वीस-तीस वर्षं काही कळत नाही, कारण माळा लांब असतात. आणि एक दिवस पान दुमडलं की तुकडा हातात. इलिगला हे दिसणं शक्यच नव्हतं. त्याच्या हयातीत त्याचा कागद उत्तमच होता.

आमचं खरेदीखत १८०८ चं आणि इलिगची तुरटी १८०७ ची. एका वर्षाच्या अंतराने दोन वेगळे रस्ते फुटले, आणि आमच्या ट्रंकेत दोन्ही येऊन पोचले.

आता लाकूड. यंत्र आलं, खळ स्वस्त झाली, पण चिंध्या कुठून आणायच्या? माणसं कपडे फाडतील त्याच वेगाने कागद होणार. लाकडाची कल्पना तशी जुनी. १७१९ मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञ रेओम्यूर ह्याने लिहिलं होतं की गांधीलमाश्या लाकूड कुरतडून, चावून कागदासारखं घर बांधतात, मग आपल्याला चिंध्याच कशाला हव्यात? स्वतः मात्र त्याने कागद करून बघितला नाही. (प्रत्येक टीममध्ये असा एक असतोच.) १८०० च्या सुमारास लंडनमध्ये मथायस कूप्स ह्याने गवताच्या काडाच्या कागदावर पुस्तक छापलं, त्यातली काही पानं लाकडाच्या कागदाची. मोठा कारखाना काढला आणि तोही बुडाला. ह्या धंद्याच्या इतिहासात दिवाळखोरांची यादी भली लांब आहे.

शेवटी जमलं ते दोघांना, एकाच सुमारास, अटलांटिकच्या दोन काठांवर. सॅक्सनीतला फ्रीडरिश गोटलोब केलर हा विणकर. लहानपणी पोरं चेरीच्या बिया लाकडी फळीत बसवून, दगडावर घासून मणी करायची, तेव्हा फळीचं लाकूडही घासलं जाऊन पाण्यात लगदा व्हायचा. ती आठवण त्याला उपयोगी पडली म्हणतात. फिरत्या ओल्या दगडावर लाकूड दाबून त्याने १८४४ च्या सुमारास लगदा काढला. तिकडे कॅनडातल्या नोव्हा स्कोशियात चार्ल्स फेनर्टी नावाच्या तेवीस वर्षांच्या तरुणाने २६ ऑक्टोबर १८४४ रोजी हॅलिफॅक्सच्या एका वर्तमानपत्राला पत्र लिहिलं, सोबत स्प्रूसच्या लाकडापासून केलेला कागद जोडला. कोणी ढुंकूनही पाहिलं नाही. केलरकडे पेटंट टिकवायलाही पैसे नव्हते, हक्क हाइनरिश फेल्टरकडे गेले. फेल्टरने फॉइट ह्या यंत्रकाराबरोबर दळण्याची यंत्रं सुधारून जगभर पोचवली. ज्या वस्तूने पुढे वर्तमानपत्रं घरोघरी नेली, तिचे दोन्ही जनक असे कोपऱ्यात राहिले.

दगडावर दळलेल्या लाकडात एक अडचण असते. लाकडात सेल्युलोज साधारण ४० ते ४५ टक्के. बाकीच्यात लिग्निन नावाचा पदार्थ पाव हिस्सा धरा. सेल्युलोज हे लोखंडी सळ्या मानलं तर लिग्निन म्हणजे सिमेंट, झाड उभं राहतं ते त्याच्या जोरावर. दळताना हे सिमेंटही कागदात येतं. लाकडाचा नव्वद टक्क्यांहून जास्त भाग कामी येतो म्हणून कागद स्वस्त, पण दळल्यामुळे तंतू तुटके आणि लिग्निन उन्हाने पिवळं पडतं. खिडकीत ठेवलेलं कालचं वर्तमानपत्र बघा.

दुसरा मार्ग म्हणजे लाकूड शिजवून लिग्निन विरघळवून टाकायचं. बर्जेस आणि वॉट ह्यांनी १८५० च्या दशकात कॉस्टिक सोड्यात शिजवलं. अमेरिकेतल्या टिल्गमनने १८६७ च्या आसपास सल्फाइटची आम्लधर्मी पद्धत शोधली, ती स्वीडनमध्ये एकमनने १८७४ मध्ये कारखान्यात चालवून दाखवली. पण आज जगात राज्य आहे ते तिसऱ्या पद्धतीचं. डान्झिगच्या कार्ल डालने १८७९ मध्ये महाग सोड्याऐवजी स्वस्त सोडियम सल्फेट वापरून पाहिलं. ते भट्टीत जाऊन सोडियम सल्फाइड होतं आणि त्याने लिग्निन भराभर सुटतं, तंतूही फारसे दुखावत नाहीत. कागद इतका मजबूत की त्याला 'क्राफ्ट' म्हणू लागले, जर्मन भाषेत ताकद. शाळेत जूनमध्ये वह्यांना खाकी कव्हरं घालायचो ना, तो हाच.

इंजिनिअर म्हणून मी ह्या पद्धतीच्या प्रेमातच पडलो. लाकडाचे कपटे १७० अंशांच्या आसपास, दाबाखाली, प्रेशर कुकरसारखे शिजवायचे. निम्मं लाकूड लगदा होतं. उरलेलं निम्मं त्या पाण्यात विरघळून डांबरासारखा काळा द्राव होतो. तो आटवून बॉयलरमध्ये जाळायचा. लिग्निन जळतं, वाफ आणि वीज मिळते, आणि खाली उरलेल्या क्षारांवर चुन्याची प्रक्रिया करून तीच रसायनं पुन्हा वापरायची. १९३० च्या दशकात टॉमलिन्सनचा बॉयलर आल्यावर हे चक्र नीट बसलं आणि क्राफ्टने बाकीच्यांना मागे टाकलं. कचरा हेच इंधन. वास मात्र सडक्या कोबीचा, गंधकाच्या संयुगांमुळे. कागद गिरणीजवळून रात्रीची गाडी जाताना झोपेतून जाग आलेल्यांना पुराव्याची गरज नाही.

आपल्याकडे युरोपसारखी सूचिपर्णी झाडं हिमालयात, तीही दुर्गम. त्यामुळे भारतीय गिरण्यांनी आधी चिंध्या आणि सबाई गवत वापरलं, मग नजर बांबूवर गेली. डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत विल्यम रेट ह्याने बांबू शिजवण्याची पद्धत बसवली, आणि १९२५ मध्ये बांबूच्या कागदाला संरक्षण देणारा कायदाच झाला. १९४५ मध्ये चंद्रपूरच्या जंगलाच्या जोरावर बल्लारपूरची कंपनी उभी राहिली.

ह्या स्वस्ताईचं बिल कुणाच्या तरी नावावर फाटणारच होतं. माधव गाडगीळ ह्यांनी लिहिलंय की कर्नाटकात दांडेलीच्या गिरणीला १९५८ पासून बांबू दीड रुपया टन दराने मिळायचा. टोपल्या विणणाऱ्या बुरुडाला तोच बांबू बाजारात कितीतरी पटींनी महाग. 'कधीच न संपणारा' बांबू मग संपायला लागला. बुरुडांनी तक्रार केली तेव्हा सत्तरच्या दशकात गाडगीळांना अभ्यास करायला सांगितलं गेलं. त्यांना दिसलं की बेटाच्या बुडाशी असलेलं काटेरी कुंपण वनखात्याने 'साफसफाई' म्हणून काढलेलं, आणि उघडे पडलेले कोंब जनावरं खाऊन टाकत होती. गडचिरोलीच्या लेखा-मेंढा गावाला आपल्याच जंगलातला बांबू विकायचा परवाना हातात मिळायला २०११ उजाडलं.

तर आमच्या वहीकडे परत. १९४३ म्हणजे युद्धकाळ, कागदाची भयंकर टंचाई. पणजोबांनी समासातसुद्धा लिहिलंय, आणि काही पानांवर आधी पेन्सिलने लिहून त्यावरच पुन्हा शाईने लिहिलंय. तो कागद नेमका कशाचा होता ते मी सांगू शकत नाही, पण पट्टीवरचा ४ हा आकडा तुरटीकडेच बोट दाखवतो.

मी आत्तापर्यंत सगळा राग लाकडावर काढत होतो. अनेक जण काढतात: जुना चिंध्यांचा कागद चांगला, नवा लाकडाचा वाईट. पण खरा गुन्हेगार पकडला तो विल्यम बॅरो ह्या अमेरिकनाने. व्हर्जिनियात जुनी कागदपत्रं दुरुस्त करणारा हा माणूस. आणि गंमत ऐका, १९३० च्या दशकात तो स्वतः कागदपत्रं उष्णता देऊन लॅमिनेट करायचा! (हे वाचल्यावर मला जरा बरं वाटलं.) करता करता त्याच्या लक्षात आलं की नुसतं झाकून उपयोग नाही, आधी आम्ल काढायला हवं. मग १९५० च्या दशकात त्याने १९०० ते १९४९ दरम्यान छापलेली ५०० पुस्तकं घेतली. त्यांचा कागद यंत्रावर उलटसुलट दुमडत राहायचा, तुटेपर्यंत मोजायचं. काही नमुने १०० अंशांवर ७२ तास तापवायचे, म्हणजे साधारण पंचवीस वर्षांचं म्हातारपण तीन दिवसांत. १९५९ मध्ये त्याने निष्कर्ष छापला: पुढची पन्नास वर्षं टिकेल असा कागद फक्त ३ टक्के पुस्तकांचा. मुख्य कारण आम्ल, म्हणजे तुरटी-राळ. तुरटी घातली तर चिंध्यांचा कागदही मरतो, आणि शिजवून लिग्निन काढलेल्या लाकडाचा कागद बिनआम्लाचा ठेवला तर शतकं काढू शकतो.

१८०७ चा बग, रिपोर्ट झाला १९५९ मध्ये. तोवर दीडशे वर्षांची पुस्तकं, वर्तमानपत्रं, शाळेचे दाखले, पत्रं आणि बारशाच्या नोंदी त्याच्यावर लिहून झाल्या होत्या.

आता मला वाटलं होतं की ह्यापुढे ग्रंथपालांनी मोर्चे काढले असतील आणि कारखानदारांना पश्चात्ताप झाला असेल. ग्रंथपालांनी आरडाओरडा केला हे खरं. पण चक्रं फिरली ती मुख्यतः हिशेबामुळे. १९५० च्या दशकात एकेडी नावाची नवी कृत्रिम खळ बाजारात आली. तिला तुरटी लागत नाही, ती अल्कधर्मी पाण्यात काम करते. आणि अल्कधर्मी पाणी म्हटलं की लगद्यात खडूची भुकटी घालता येते. आम्लात घातली असती तर लिंबू पिळल्यावर सोडा फसफसतो तशी फसफसून गेली असती. खडू लाकडाच्या लगद्यापेक्षा स्वस्त, वर कागद जास्त पांढरा आणि अपारदर्शक, शिवाय यंत्रं कमी गंजतात. हे गणित सुटल्यावर आधी युरोपातल्या आणि मग १९८० नंतर अमेरिकेतल्या गिरण्या भराभर बदलल्या. १९९४ मध्ये टिकाऊ कागदाचं आंतरराष्ट्रीय मानकही आलं, आयएसओ ९७०६. वर्तुळातलं अनंताचं चिन्ह पुस्तकाच्या सुरुवातीच्या पानावर दिसलं तर ते ह्याचंच.

खडू म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, आणि चुना हवेत राहून शेवटी तेच होतो. म्हणजे जुन्नरच्या हौदातला चुना दोनशे वर्षांनी मागच्या दाराने परत आला, तोही कुणाला इतिहासाची कदर वाटली म्हणून नव्हे, टनामागे चार पैसे वाचतात म्हणून.

मैत्रिणीने शेवटची पट्टी लावली ती माझ्या ऑफिसातल्या प्रिंटरच्या कागदावर. एका फसलेल्या प्रोजेक्टच्या मीटिंगचं टिपण होतं ते. पीएच आठ! ते टिपण नीट ठेवलं तर दोनशे वर्षं टिकेल म्हणे. पणजोबांची वही मात्र पुढची वीससुद्धा काढेल असं वाटत नाही. जगात न्याय नाही तो असा.

इलिगवर मी बरेच दिवस चिडून होतो. पण मग विचार केला. १८०८ मधला घोटीव कागद कुणाच्या हातात होता? जमीन विकणाऱ्याच्या आणि घेणाऱ्याच्या. सरकारदरबारी. त्या काळी एखादा साधा शाळामास्तर मुलीचं बारसं झालं म्हणून कागदावर लिहून ठेवता का? त्याला तो परवडलाच नसता. ज्या स्वस्ताईने ते नाव खाल्लं, त्याच स्वस्ताईमुळे ते मुळात लिहिलं गेलं होतं. खरेदीखताच्या काळातही घराघरात अशा मुली जन्मल्या आणि गेल्या असतील. त्यांच्या नावाची निम्मी अक्षरंसुद्धा कुठे उरली नाहीत. आमच्याकडे निदान 'मल' आहे.

वही आता मैत्रिणीकडे आहे. पानांमधलं आम्ल जमेल तितकं मारून, पातळ जपानी कागदाचा आधार देऊन ती काय होईल ते करणार आहे. त्याआधी प्रत्येक पानाचे फोटो काढून घेतलेत. लॅमिनेट केलेल्या चार पानांचं काय करता येईल ते बघू म्हणाली, फार आशा ठेवू नकोस म्हणाली. ट्रंकेच्या तळाचा सगळा भुगा मी पुठ्ठ्याच्या डब्यात भरून ठेवलाय. दोन रात्री चिमटा घेऊन त्यात एक अक्षर शोधत बसलो होतो. सापडलं नाही.

गेल्या रविवारी पुन्हा गावी गेलो तेव्हा कोऱ्या ए-फोर कागदांचा गठ्ठा आणि पेन्सिल घेऊन गेलो. (पेन्सिल मुद्दाम. शिसं म्हणजे मुख्यतः कार्बन, ते उडत नाही.) आजीला म्हटलं, तुला घरातल्या माणसांचं जे जे आठवतंय ते लिही. तिने आधी "मला काय येतंय लिहायला" म्हणून आढेवेढे घेतले, मग चष्मा लावून बसली. पहिल्या पानावर सासूसासऱ्यांची नावं, मग आजोबा, मग त्यांची भावंडं. एका ओळीशी थांबली. पेन्सिल तशीच धरून थोडा वेळ बसली. मग लिहिलं, 'कमल किंवा विमल', आणि पुढच्या नावाला लागली.